दवाखान्यात जाताना गोळ्यांची पिशवी न्या : आईचा बीपी १९०/११० का झाला

ओगलेवाडीकर

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे वाचनमात्र असतो. हे लिहावं की नाही यात आठवडा गेला, कारण निम्मी चूक माझीच आहे.

आई ६८ वर्षांची. कराडजवळ गावात एकटी राहते, मी पुण्यात. बीपी निघून नऊ वर्षं झाली. गावातल्या आमच्या नेहमीच्या डॉक्टरांची अम्लोडिपिन ५ चालू होती. गेल्या दिवाळीत तिला पुण्यात दाखवलं, तिथे टेल्मिसार्टन ४० वाढवून दिली. मी तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम घेऊन देतो आणि फोनवर रोज विचारतो, "गोळी घेतलीस का?" ती म्हणते, "घेतली." झालं माझं कर्तव्य.

गेल्या महिन्यात शेजारच्या काकूंचा फोन आला. आई दोन दिवस डोकं धरून बसली होती. रात्रीच निघालो, सकाळी दवाखाना उघडायच्या आधी पायरीवर हजर. बीपी १९०/११०. डॉक्टरांनी आधी हातपाय हलवून घेतले, बोलायला लावलं, ईसीजी काढला. मग विचारलं, गोळ्या? आईच्या आधी मीच बोललो, "एकदम नियमित." आईने मान डोलावली.

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. आईला म्हणाले, "मावशी, घरात जेवढ्या म्हणून गोळ्या आहेत तेवढ्या पिशवीत घालून आणा. फ्रिजवरच्या, देव्हाऱ्यातल्या, उशीखालच्या. रिकामी पट्टी असली तरी आणा. मी थांबतो."

बहिणीच्या लग्नातली साडीच्या दुकानाची पिशवी होती. डॉक्टरांनी ती टेबलावर उपडी केली. अम्लोडिपिनच्या सहा पट्ट्या, एकीलाही नख लागलेलं नाही. टेल्मिसार्टन मात्र दिवसाबरहुकूम संपलेली. डायक्लोफिनॅकच्या दोन रिकाम्या पट्ट्या. दुसऱ्या कंपनीची, दुसऱ्या रंगाची एक पट्टी, तिच्यावर बारीक अक्षरांत एसिक्लोफिनॅक. आणि वहीच्या कागदाच्या चार पुड्या, आत नाव नसलेली पांढरी गोळी, अर्धी पिवळी गोळी.

डॉक्टर काही रागावले नाहीत. अम्लोडिपिनची पट्टी हातात घेऊन म्हणाले, "ही का नको वाटली?"

आई माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "पाय सुजत्यात हो. संध्याकाळी जोडवी रुतायची. पण तुम्हीच दिलेली, तुम्हाला कसं सांगायचं?"

बाकीच्या गुडघ्याच्या. मेडिकलमध्ये "गुडघ्याची द्या" म्हटलं की मिळते. पुड्या बाजारच्या गावातल्या कुठल्याशा दवाखान्यातल्या, मैत्रिणीबरोबर गेली होती. म्हणजे बीपीची एक गोळी बंद आणि बीपी वाढवणाऱ्या दोन-तीन चालू. रक्त तपासलं तर क्रिएटिनिन (किडनीचं काम मंदावलं की हा आकडा वाढतो) १.६, जे दिवाळीत ०.९ होतं.

पुढे डॉक्टरांनी काय बदललं ते मुद्दाम लिहीत नाही, कोणीतरी वाचून त्याच गोळ्या घेईल. दुखण्याच्या सगळ्या बंद केल्या एवढं सांगतो. दर तीन दिवसांनी बोलावलं. तीन आठवड्यांनी क्रिएटिनिन १.१ आलं.

प्रश्न असा : लांब राहून आईवडिलांच्या गोळ्यांवर तुम्ही लक्ष कसं ठेवता? "घेतली का" या प्रश्नाला काहीही अर्थ नाही हे मला कळलंय.

चहा_बिनसाखरेचा

बाप रे. जोडवी रुतायची हे वाचून पोटात गोळा आला. आमच्या सासऱ्यांनी पण हेच केलं होतं, फक्त कारण वेगळं. बीपी १२० आला म्हणून गोळी बंद. "बरं झाल्यावर कशाला?" गोळीमुळे १२० आहे हे पटवायला दोन वर्षं लागली.

तुमच्या आई आता कशा आहेत?

दवाखानेवाला

मी तालुक्याच्या गावी बावीस वर्षं जनरल प्रॅक्टिस करतो. तुमच्या डॉक्टरांना माझा नमस्कार सांगा.

आधी पायांचं. अम्लोडिपिनने बारीक रोहिण्या (रक्त आणणाऱ्या नळ्या) सैल होतात, शिरा (रक्त परत नेणाऱ्या) तेवढ्या होत नाहीत. त्यामुळे केशवाहिन्यांतला दाब वाढून पाणी बाहेर पाझरतं आणि दिवसभर पाय खाली सोडून बसलं की घोट्यापाशी साठतं. सकाळी सूज कमी, संध्याकाळी जास्त. डोस जेवढा जास्त तेवढी सूज जास्त. ही सूज म्हणजे किडनी गेली असं नाही, आणि लघवी जास्त होण्याची गोळी देऊन ती फारशी उतरतही नाही. डोस कमी करणं, जोडीला दुसरी देणं, गोळीच बदलणं, हे सगळं करता येतं. पण सांगितलं तर! (पायसूज हृदयाची किंवा किडनीचीही असू शकते, म्हणून ती दाखवायची. घरी बसून ठरवायचं नाही.)

दुखण्याच्या गोळ्या. डायक्लोफिनॅक, एसिक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन ही सगळी एकाच घरातली भावंडं. शरीरात मीठपाणी धरून ठेवतात, बीपी चढतो, बीपीच्या गोळीचा असर कमी होतो. शिवाय किडनीकडे जाणारा रक्तपुरवठा आखडतात. टेल्मिसार्टन किडनीच्या गाळणीतला दाब कमी करते. दोन्ही बाजूंनी चिमटा बसला की क्रिएटिनिन वर जातं. तिसरी लघवीची गोळी असेल, त्यात उन्हाळा किंवा जुलाब, तर विचारूच नका. अशा माणसाने गुडघ्यासाठी आधी पॅरासिटामॉल, वरून लावायचं मलम, शेक आणि मांडीचे व्यायाम यांवर भागवावं. तेवढ्याने भागत नसेल तर डॉक्टरांना विचारून पुढचं.

आता माझी कबुली. संध्याकाळी साठ पेशंट असतात. मी वर्षानुवर्षं विचारायचो, "गोळ्या चालू आहेत ना?" या प्रश्नाला महाराष्ट्रात "नाही" असं उत्तर कोणी दिलेलं नाही. आता विचारतो, "आठवड्यात किती वेळा राहते?" लगेच उत्तर येतं, "दोन-तीनदा राहतीय बघा." राहणारच असं गृहीत धरून विचारलं की माणूस खोटं बोलत नाही.

खडूस_म्हातारा

डॉक्टर, छान लिहिलंत. पण पुड्यांबद्दल एक अक्षर नाही. ते कसं काय?

मी ७४ चा आहे. आमच्या भागातल्या एका दवाखान्यात (नाव घेत नाही) पुडीत काय आहे म्हणून विचारलं तर उत्तर मिळालं, "विश्वास नसेल तर दुसरीकडे जा." गेलो दुसरीकडे. तिथे नव्या डॉक्टरने विचारलं, "आधी काय चालू होतं?" काय सांगू? अर्धी पिवळी, एक पांढरी?

दवाखानेवाला

खडूसकाका, बरोबर पकडलंत.

पुडीची पद्धत जुनी आहे. तपासणी आणि औषध मिळून एकच फी, गरीब माणसाला मेडिकलचा वेगळा खर्च नाही, हा तिचा चांगला भाग. मी स्वतः पहिली सात-आठ वर्षं पुड्याच दिल्या. पण कागदावर नाव लिहायला दहा सेकंदही लागत नाहीत. नाव विचारणं हा तुमचा हक्क आहे, त्यात विश्वासाचा प्रश्न येतोच कुठे?

आणि गुडघ्याच्या पुडीने दोन दिवसांत "जादू" झाली, भूक वाढली, चेहरा गोल झाला, तर सावध व्हा. त्यात स्टेरॉइड असू शकतं. साखर चढते, बीपी चढतो, हाडं ठिसूळ होतात. बरेच दिवस घेतलेलं असेल तर घाबरून एका दिवसात बंद करणंही धोक्याचं असतं, शरीराने स्वतःचं स्टेरॉइड बनवणं कमी केलेलं असतं. पुडी घेऊन सरळ दुसऱ्या डॉक्टरकडे जा आणि सांगा, हे इतके महिने घेतोय.

खडूस_म्हातारा

मान्य. तुम्ही कबूल केलंत म्हणून पुढचं अर्धं भाषण मागे घेतो.

फार्मसीवाला

आता माझ्यावर येणारच आहात, त्याआधी मीच येतो. डायक्लोफिनॅकची गोळी शेड्यूल एच मध्ये आहे, चिठ्ठीशिवाय द्यायची नाही. आम्ही देतो का? बरेच जण देतात. नाही म्हटलं की गिऱ्हाईक पलीकडच्या दुकानात जातं, तिथून पट्टी हलवून दाखवत परत येतं. काही अँटिबायोटिक्स आणि टीबीच्या औषधांचं २०१४ पासून वेगळं रजिस्टर ठेवावं लागतं, तिथे जरा वचक आहे. डायक्लोफिनॅकसारख्या दुखण्याच्या गोळ्यांना तसं काही नाही.

एक उपयोगाचं सांगतो. पट्टीवरचं मोठं रंगीत नाव कंपनीचं असतं. त्याच्या खाली किंवा मागे बारीक अक्षरांत खरं औषध लिहिलेलं असतं. मोबाइलने फोटो काढून मोठा करून वाचा. एकाच औषधाच्या दोन कंपन्यांच्या पट्ट्या दोन वेगळी औषधं समजून घेणारी माणसं मला आठवड्याला भेटतात. गावचा डॉक्टर एक ब्रँड देतो, शहरातला दुसरा, आणि माणूस इमानेइतबारे दोन्ही गिळतो.

लीड्सकर

इकडची गोष्ट सांगू का? विलायतेत आमचा जीपी म्हणजे सरकारी फॅमिली डॉक्टर, फी शून्य. सकाळी आठला फोन लावायला बसायचं, रांगेत तेविसावा नंबर, आपली पाळी येईपर्यंत त्या दिवसाच्या अपॉइंटमेंट संपलेल्या. मिळाली तर दहा मिनिटं. त्यात दोन तक्रारी सांगितल्या तर दुसरीसाठी वेगळी वेळ घ्या म्हणतात. कराडचे डॉक्टर "पिशवी घेऊन या, मी थांबतो" म्हणाले हे वाचून मला हेवा वाटला.

पण एक गोष्ट इकडची घ्यावी अशी आहे. सगळ्या औषधांची यादी एकाच ठिकाणी, जीपीच्या संगणकावर. हॉस्पिटलने काही बदललं तर त्यालाही पत्र जातं. दुकानातला फार्मासिस्टसुद्धा विचारतो, बाकी काय घेता? माझे बाबा नाशिकहून आले होते, त्यांच्या गोळ्यांची यादी मागितली तर त्यांनी कॅलेंडरच्या मागचा कागद काढून दिला. त्यावर लिहिलं होतं : "१. सकाळची. २. रात्रीची. ३. छातीची."

चहा_बिनसाखरेचा

"छातीची" 😂 आमच्याकडे "मुंबईच्या डॉक्टरची" आहे.

मंडईवाली

थोडं अवांतर. आमच्या सासूबाई दर महिन्याला "ताकदीचं" सलाईन लावून येतात. बीपीच्या पेशंट आहेत. नको म्हटलं तर म्हणतात, तुझ्या पैशाने लावते का? ते लावल्यावर त्यांना खरंच बरं वाटतं. काय बोलावं?

दवाखानेवाला

बरं वाटतं ते खरं आहे. तासभर पंख्याखाली आडवं पडायला मिळतं, कोणीतरी उशाशी बसतं, सुनेला चहा करून द्यावा लागतो. (हलके घ्या.)

बाटलीत काय असतं ते सांगतो, त्यांनाही सांगा. ५ टक्के डेक्स्ट्रोजच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत २५ ग्रॅम साखर. म्हणजे पाचएक चमचे. नॉर्मल सलाईनच्या अर्ध्या लिटरमध्ये साडेचार ग्रॅम मीठ. जागतिक आरोग्य संघटना दिवसभरात एकूण ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खा म्हणते. म्हणजे बीपीच्या बाईने जवळपास दिवसभराचं मीठ थेट शिरेतून घेतलं, वर पैसे दिले. ज्याला उलट्यांमुळे तोंडाने काही जात नाही, जो बेशुद्ध आहे, त्याला सलाईन जीव वाचवतं. जो चालत आला आणि चालत जाणार आहे त्याला लिंबू सरबत पुरतं, आणि बीपी असेल तर त्यातही मीठ नको.

मीठ निघालंच आहे तर, बाजारात कमी सोडियमचं मीठ मिळतं, त्यात पोटॅशियम असतं. टेल्मिसार्टनसारखी गोळी चालू असेल किंवा किडनी कमजोर असेल तर ते विचारल्याशिवाय आणू नका. पोटॅशियम वाढलं तर थेट हृदयाचे ठोके बिघडतात.

उपकेंद्र_शेजारी

मी आरोग्य उपकेंद्रात काम करते. कोणाला माहीत नसतं म्हणून लिहिते. तिशीच्या पुढच्या माणसांचा बीपी आणि साखर आमच्याकडे फुकट तपासतात. निदान झालं की प्राथमिक आरोग्य केंद्रातून महिन्याच्या गोळ्याही मिळतात, पहिली गोळी बहुतेकदा अम्लोडिपिनच. बीपीवर पाठपुरावा ठेवायचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला तेव्हा महाराष्ट्रातल्या सुरुवातीच्या जिल्ह्यांत सातारा होता, म्हणजे ओगलेवाडीकरांचाच.

अडचण एकच. लोक म्हणतात, सरकारी गोळीला पावर नसते. तीच गोळी रंगीत खोक्यातून आली की पावर येते.

पेशंट महिन्याला आला नाही तर आमची आशाताई घरी जाते. पण खरं कारण ओट्यावर बसल्याशिवाय निघत नाही. एका आजींनी बीपीच्या गोळ्या कोंबड्यांना घातल्या होत्या. कोंबड्या ठीक आहेत.

खडूस_म्हातारा

कोंबड्यांचा बीपी किती?

निवांत_पाटील_नव्हे

डॉक्टर, एक विचारायचं होतं. मागे चुलत्यांचा बीपी २०० झाला तेव्हा कोणीतरी कॅप्सूल फोडून जिभेखाली टाकली. बीपी खाली आला, पण नंतर चक्कर येऊन पडले. असं करतात का?

दवाखानेवाला

पूर्वी सर्रास करायचे, आता करत नाहीत. शरीर वरच्या दाबाला सरावलेलं असतं. तो धाडकन खाली आणला की मेंदूला आणि हृदयाला रक्त कमी पडतं. छातीत दुखत नाही, दम नाही, बोलणं आणि हातपाय ठीक आहेत, नुसता आकडा मोठा आहे, तर माणसाला शांत बसवा, थोड्या वेळाने पुन्हा मोजा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. आकडा सावकाश खाली आणायचा असतो.

तोंड वाकडं, एक हात लुळा, बोबडी, छातीत दाबल्यासारखं, दम, असं काही असेल तर मात्र माझ्यासारख्याच्या दवाखान्यात येऊन नंबर लावू नका. १०८ ला फोन करा, जिथे सीटी स्कॅन आहे अशा ठिकाणी न्या. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन लकवा सुरू झाल्यापासून साडेचार तासांपर्यंतच देता येतं. माझ्याकडे आलात तर त्यातला एक तास मीच खातो.

घरी मोजताना : चहा-तंबाखू झाल्यावर अर्धा तास थांबा, लघवीला जाऊन या, पाच मिनिटं गप्प बसा. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, दंड उघडा, हात छातीच्या उंचीवर. मिनिटभराच्या अंतराने दोनदा मोजा आणि दोन्ही आकडे लिहा. मनगटावरचं यंत्र घेऊ नका, दंडावरचं घ्या. दंड जाड असेल तर मोठा पट्टा मागा, लहान पट्ट्याने आकडा उगाच जास्त येतो. घरचा सरासरी आकडा १३५/८५ च्या वर राहत असेल तर ती वही घेऊन डॉक्टरकडे जा.

फार्मसीवाला

बीपीच्या गोळीवरून आठवलं. महाडचे डॉ. हिंमतराव बावसकर. कोकणात लाल विंचू चावून पोरं दगावायची. त्यांनी प्राझोसिन वापरून बघितली, आणि ती मुळात बीपीचीच गोळी. विंचवाच्या विषाने रक्तवाहिन्या आवळल्या जातात, हृदयावर भार येऊन फुप्फुसात पाणी भरतं, ही गोळी त्या सैल करते. छोट्या गावात बसून, पेशंटच्या उशाशी रात्र काढत नोंदी ठेवल्या, त्या लॅन्सेटमध्ये छापून आल्या. २०२२ ला पद्मश्री मिळाली.

मंडईवाली

साखरेचा आणि मिठाचा हिशोब सासूबाईंना सांगितला. पाच चमचे साखर ऐकून गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "मग शिराच कर." 🤦‍♀️

ओगलेवाडीकर

सगळ्यांचे आभार. थोडी ताजी खबर देतो.

आई ठीक आहे. काल १३४/८२. रविवारी गेलो तेव्हा बहिणीने आणि मी मिळून यादी केली : औषधाचं खरं नाव, किती, कधी, कशासाठी, कोणी दिली. फार्मसीवाले म्हणाले तसे फोटो मोठे करून. एक प्रत फ्रिजवर, एक आईच्या पाकिटात, एक डॉक्टरांकडे. फोनवर आता "घेतली का" विचारत नाही. "पट्टीत किती उरल्या" विचारतो. ती मोजते तोवर आम्ही आंब्याच्या झाडावर बोलतो.

गुडघ्यासाठी मांडीचा व्यायाम दिलाय : खुर्चीत बसून पाय सरळ करायचा, दहापर्यंत मोजायचं. ती दहाच्या जागी हरिपाठातली एक ओळ म्हणते. डॉक्टर म्हणाले चालेल, फक्त ओळ भरभर म्हणू नका.

आणि हो, निघताना तांदळाच्या डब्यात हात घातला, न्यायला म्हणून दोन किलो काढत होतो. तळाशी डायक्लोफिनॅकची अख्खी पट्टी. आईकडे बघितलं तर म्हणाली, "ती पाहुण्यांसाठी ठेवलीय."

पट्टी पिशवीत घालून दवाखान्यात देऊन आलो. डॉक्टरांनी खण उघडला. त्यात अशा पट्ट्यांचा ढीग होता.